भित्र्या कुत्र्याला घर शोधताना

निवाऱ्यातलं कुत्रं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं असेल, तर दत्तक देण्याच्या जाहिरातीत तसा फोटो टाकू नका. लोक हळहळतात, पण घरी नेत नाहीत. आधी काही आठवडे त्याला एखाद्या शांत घरी तात्पुरतं ठेवा. तिथे आधीच एखादं मवाळ कुत्रं असेल तर फारच उत्तम, त्याचं बघून हे धीट होतं. मग जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो काढा.

भीती लपवू नका. ‘पुरुषांना घाबरते, जिन्यावर अडते, हातातून चिकन खाते’ असं नेमकं लिहा.

सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून साध्या पट्ट्यातून डोकं सहज काढून घेतं. म्हणून मानेला पट्टा आणि छातीला हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारे पट्टे), दोन्हींना वेगवेगळी दोरी, शिवाय फोन नंबरचा बिल्ला. दिवाळीच्या तोंडावर तर कुणाला देऊच नका, फटाके संपू द्या. नव्या घरी पहिले काही दिवस पाहुणे नकोत, आंघोळ नको. रुळायला तीन महिनेही लागतात, हे नेणाऱ्याला आधीच सांगा. आणि नाहीच जमलं तर रस्त्यावर न सोडता तुमच्याकडेच परत आणायचं, हे लेखी घ्या.