एक्सेलमध्ये 7/12 टाइप केलं की तारीख का उमटते? ऑफिसात या चुका टाळा

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांची यादी करायला घेतली, गट नंबरच्या कॉलममध्ये 12/2 टाइप करून एंटर मारलं, की तिथे 12 फेब्रुवारी उमटते. 7/12 लिहिलं तर 7 डिसेंबर. 145/2 मात्र जसाच्या तसा राहतो, कारण 145 ही तारीखही नसते आणि महिनाही. त्यामुळे यादी वरवर चाळली तर ठीकच वाटते आणि मधलेच काही गट बिघडलेले असतात. ही अडचण फक्त आपलीच नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलत होतं, म्हणून शास्त्रज्ञांनी शेवटी 2020 मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली.

चूक लक्षात आल्यावर बहुतेक जण सेलचा फॉरमॅट बदलून ‘टेक्स्ट’ करतात. मग 7 डिसेंबरच्या जागी 45998 असा आकडा दिसतो (2025 साली टाइप केलं असेल तर), कारण एक्सेलच्या पोटात तारीख अशा आकड्यातच साठवलेली असते. मूळ 7/12 तोवर गेलेला असतो, तो पुन्हा टाइप करावाच लागतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी पूर्ण कॉलम निवडून ‘टेक्स्ट’ करा, मग टाइप करायला घ्या. एखाद-दुसराच गट असेल तर आकड्याच्या आधी सिंगल कोट (') द्या, तेवढ्याने भागतं.

गट नंबर चुकला तर कागद परत येतो. बँक खातं चुकलं तर पैसे जातात. द्राक्षाच्या हंगामात शेतकऱ्यांच्या पेमेंटची फाईल घाईत बनते, आणि नेमकं तिथेच एक्सेल दोन गोष्टी करतं. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य उडवून टाकतं, आणि 15 अंकांनंतरचा प्रत्येक अंक शून्य करून टाकतं. म्हणजे 16 अंकी खात्याचा शेवटचा 7 गुपचूप 0 होतो, कुठलीही सूचना येत नाही. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नावावरून नाही, हे ध्यानात घेतलं की यातली जोखीम कळेल.

इथेही उपाय तोच, कॉलम आधी ‘टेक्स्ट’. पण मग सेलच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसायला लागतो आणि तो घालवायला कुणीतरी ‘कन्व्हर्ट टू नंबर’ दाबतं. ते कधीही दाबू नका. त्रिकोण नकोच असेल तर त्याच यादीतलं ‘इग्नोर एरर’ निवडा.

बँकेकडून किंवा पोर्टलवरून आलेली सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकुराची फाईल) डबल-क्लिक करून उघडणं, ही माझ्या मते ऑफिसातली सगळ्यात महागडी सवय आहे. एक्सेल उघडताक्षणी आकडे स्वतःच्या मनाने बदलतं, आणि तुम्ही सेव्ह केलंत की ते बदल कायमचे होतात. त्याऐवजी रिकामी शीट उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि समोर येणाऱ्या चौकटीत ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ निवडा. बँकेला पाठवायची सीएसव्ही तयार झाली की ती तपासायला मात्र एक्सेलमध्ये पुन्हा उघडू नका, नोटपॅडमध्ये उघडा. फाईलमध्ये खरं काय आहे ते तिथेच दिसतं. त्याच वेळी आयएफएससीवरही (बँक शाखेच्या कोडवरही) नजर टाका. 11 अक्षरांतलं पाचवं नेहमी शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे.

तारखांचा घोळ वेगळा. विंडोजचं रीजन अमेरिकन राहिलं असेल तर 05/04 ची पावती 5 एप्रिलऐवजी 4 मे धरली जाते, आणि मार्च-एप्रिलच्या हिशोबात पावती भलत्याच महिन्यात जाते. सेटिंगमध्ये रीजनल फॉरमॅट ‘इंग्लिश (इंडिया)’ करून घ्या.

व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर आलेली फाईल तिथूनच उघडून तासभर काम करू नका. ती तात्पुरत्या फोल्डरात असते, नंतर सापडत नाही. आधी ‘सेव्ह ॲज’ करा. फाईल सेव्ह न करताच बंद झाली असेल तर ‘फाईल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज वर्कबुक’ या वाटेने न सेव्ह झालेल्या फाईल्स बघा, बऱ्याचदा काम वाचतं.

प्रिंटर अडला, मशीन जड चाललं की लोक शटडाउन करून पुन्हा चालू करतात. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही. ‘रीस्टार्ट’ द्या.

आता विंडोज 10. त्याचा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि ऑफिस 2016 व 2019 चाही त्याच दिवशी. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कितीतरी छोट्या युनिटमध्ये मशीन व्यवस्थित चालतंय म्हणून कुणी त्याकडे बघत नाही. ते चालतच राहील, पण सुरक्षेची दुरुस्ती थांबली की नेट बँकिंग आणि जीएसटीचं काम ज्या मशीनवर होतं तेच आधी धोक्यात येतं. म्हणून सुरुवात त्याच मशीनपासून करा. घरगुती वापराच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली. व्यवसायासाठी वेगळी सशुल्क योजना आहे.

‘विंडोज 11 चालत नाही’ असा संदेश आला म्हणून लगेच नवं मशीन घेऊ नका. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल तर बऱ्याचदा टीपीएम (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय) फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडतं. ते चालू करण्याआधी बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू आहे का ते बघा. असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा उघडत नाही.