ताप-अंगदुखीच्या मिश्र गोळ्या: आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

जुलैत खानापूर भागात रोपलावण सुरू झाली की ताप, अंगदुखी, सर्दी एकदमच गाठतात. घरात तीन तऱ्हेच्या गोळ्या येतात. नावं वेगळी, पण मागे बारीक अक्षरांत बघा: बहुतेकदा तिन्हींत पॅरासिटामॉल निघतं.

हिशेब असा करा. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी तीनदा, म्हणजे १९५०. सर्दीच्या गोळीत ५०० असेल तर तीनदा १५००. अंगदुखीच्या गोळीत ३२५, दोनदा ६५०. झाले ४१००. धडधाकट मोठ्या माणसाचीही २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. रोज दारू पिणाऱ्याला, यकृताचा आजार असणाऱ्याला किंवा फार अशक्त माणसाला तेवढंही झेपत नाही. त्यांचा डोस डॉक्टरांनीच ठरवावा.

मेडिकलमध्ये दोन-चार गोळ्या कापून देतात, तेव्हा नाव आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर राहते. घटक, ताकद आणि वेळ मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहून मागा. संकोच करू नका.

अंगदुखीच्या मिश्र गोळीतला दुसरा घटक बहुतेकदा आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक किंवा निमेसुलाइड असतो. हे सगळे एकाच जातीचे. एका वेळी एकच, आणि जेवल्यावर. उसाच्या फडात दिवसभर घाम गाळून, पाणी न पिता घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीची गोळी चालू असेल, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल, पोटात बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

पावसाळ्यातल्या तापात डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत यातली एकही गोळी नको, ॲस्पिरिनही नको. रक्तस्राव वाढतो. नुसतं पॅरासिटामॉल घ्या, दोन डोसांत सहा तास ठेवा.

मुलांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. निमेसुलाइडला १२ वर्षांखाली २०११ पासून बंदी आहे. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी १५०. पाच मिलीत १२० असलेलं सिरप सव्वासहा मिली लागतं, २५० असलेलं फक्त तीन मिली. बाटली बदलली की माप बदलतं. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप घ्या. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर थेट दवाखाना.

चुकून पॅरासिटामॉल जास्त गेलं तर पहिल्या दिवशी माणूस ठीक दिसतो, आणि तिथेच घात होतो. उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. १०८ ला फोन करा, रिकामी पाकिटं सोबत न्या.