व्याघ्रगणनेत स्वयंसेवक म्हणून जाताना

अखिल भारतीय व्याघ्रगणना दर 4 वर्षांनी होते. वन्यजीव क्षेत्रात करिअर करायचं असेल तर सुरुवातीला याहून चांगली शाळा नाही. 3 दिवस रोज 5 किमी चालत मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधायच्या, मग 2 किमीच्या ट्रान्झेक्टवर, म्हणजे आखून दिलेल्या सरळ वाटेवर, तृणभक्षी मोजायचे. वनरक्षकाच्या मागे, गुपचूप.

चितळांचा कळप दिसला की जागीच थांबा. आधी संख्या, मग होकायंत्राने दिशा, रेंजफाइंडरने अंतर. अंतर कळपाच्या मध्याचं, आणि तो पहिल्यांदा दिसला तिथलंच. बिचकून लांब पळाल्यावर मोजलंत तर अंतर फुगतं, घनता (दर चौरस किमीमागे किती प्राणी) कमी निघते. नवखे नेमके इथेच चुकतात. एकही प्राणी दिसला नाही तरी तशी नोंद करा. कोरा फॉर्म निरुपयोगी. वाघ दिसेलच असं नाही, आणि सेल्फीबहाद्दर कुणालाच नको असतात.