युद्धकाळातील बंगाल-आसाम रेल्वेचा लेआउट : या चुका टाळा

युद्धकाळातील मॉडेल रेल्वे म्हटली की बहुतेकांना इंग्लंड किंवा जर्मनी आठवते. पण कोहिमा-इंफाळच्या आघाडीची, तसेच आसामातून चीनकडे जाणारी रसद वाहणारी १९४४ ची बंगाल-आसाम रेल्वे लेआउटसाठी, म्हणजे रूळ आणि परिसरासह मांडलेल्या मॉडेलसाठी, तितकीच समृद्ध आहे. तिच्या कटिहार ते लेडो या सुमारे तेराशे किलोमीटरच्या मार्गाचा कारभार १ मार्च १९४४ पासून अमेरिकी लष्कराच्या रेल्वे पलटणींकडे होता.

पहिली चूक रुळांची होते. हा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला होता, त्यामुळे १:८७ या मॉडेलच्या प्रमाणात रूळ साधारण १२ मिलिमीटर अंतरावर हवेत. दुकानात सहज मिळणारे १६.५ मिलिमीटरचे रूळ वापरले, तर अमेरिकेहून आलेले २-८-२ (पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन चाके) मॅकआर्थर वाफेचे इंजिन त्यांवर खरे वाटणारच नाही. डब्यांच्या टोकाला दोन बाजूंना बफर (धक्का शोषणारे दांडे) लावणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. आपल्या मीटर गेजवर मध्यभागी एकच बफर असे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गुवाहाटीजवळ ब्रह्मपुत्रेवर पूल दाखवणे. तो पूल १९६२ चा आहे. युद्धकाळात अमीनगाव ते पांडू या टप्प्यात वाघिणी (मालडबे) बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या नावेवर, चढवून नदीपार नेल्या जात, आणि माझ्या मते हाच या लेआउटचा प्राण आहे. बार्ज सुटी, उचलता येणारी ठेवली, तर तिच्यावरच्या वाघिणी हातानेच लेआउटबाहेर नेता येतात आणि गाड्या उभ्या ठेवण्यासाठी मागे लपवलेल्या यार्डाची जागा वाचते.

अडचण येते ती नदीकाठचा धक्का आणि बार्ज यांच्या जोडावर. माझ्या पहिल्या बार्जवर प्रत्येक तिसरी वाघीण तिथेच घसरत असे, आणि मी उगाच चाके तपासत बसलो होतो. रुळाच्या माथ्यावरून नख फिरवले तेव्हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची पायरी लागली. तळाशी पितळी नळी आणि तिच्यात घट्ट बसणारी खीळ लावून बार्ज दर वेळी त्याच उंचीवर टेकेल अशी केली, रुळांची टोके कानशीने किंचित उतरती घासली, आणि घसरणे थांबले. धक्क्याच्या उताराची सुरुवात एकदम केल्यास कपलिंग (डब्यांची जोडणी) सुटते. तेवढा भाग हळूहळू वाकवावा. इंजिन बार्जवर चढवू नये, त्याच्या वजनाने ती कलते. इंजिन आणि बार्ज यांच्यामध्ये दोन-तीन रिकाम्या वाघिणी ठेवाव्यात.

काळाच्या चुका किरकोळ वाटतात, पण जाणकाराच्या डोळ्याला लगेच खुपतात. बंगाल-आसाम रेल्वे १९४२ मध्ये स्थापन झाली आणि पूर्वोत्तर सीमा रेल्वे १९५८ मध्ये, त्यामुळे ते दुसरे नाव आणि डिझेल इंजिने दोन्ही येथे नकोत. दिमापूरच्या स्थानकावर पाटी ‘मणिपूर रोड’ अशीच हवी.