वळूच्या नावावर दूध चढू नये म्हणून: अल्फासिमआरमध्ये निवडक रेकॉर्डिंग

मी कॉम्प्युटरवर गायी-वळूंच्या पैदाशीचं सिम्युलेशन करतो, त्यात आठवडाभर वळू दूध देत होते आणि मला पत्ताच नाही, उलट मी खूश की आपली सिलेक्शन स्कीम काय भारी चाललीये. सहज फेनो स्लॉट (जनावरांचे मोजलेले आकडे ठेवायची जागा) उघडला तर नरांच्या ओळीतपण दुधाचे आकडे, आणि गायींपेक्षा चांगले!

झालं असं की अल्फासिमआर (पैदास कॉम्प्युटरवर करून बघायचं, आर या प्रोग्रामिंग भाषेचं पॅकेज, एडिंबरावाल्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधून आलेलं, डॉली मेंढी १९९६ला जन्मली तीच जागा) मध्ये एसपीवर (सिम्युलेशनच्या सेटिंगवर) सेटव्हारई (जीन्सबाहेरचा फरक, म्हणजे एरर, किती ते ठरवणारी कमांड) एकदा चालवलं की पुढे जी जी पॉप्युलेशन बनेल तिच्यातल्या प्रत्येक जनावराला सगळ्या ट्रेटचे (दूध वगैरे गुणांचे) फेनोटाइप, म्हणजे मोजलेले आकडे, आपोआप चिकटतात. गोठ्यात एका गायीचं ३०५ दिवसांचं रेकॉर्ड ठेवताना माणसं थकतात, इथे सगळं फुकट.

म्हणून सेटव्हारई नकोच. फाउंडर (पहिल्या पिढीची जनावरं) बनवायच्या आधी सेटसेक्सेस लावा, नाहीतर नर-मादी कळणारच नाही. मग पॉप्युलेशन बनली की फेनो स्लॉटमध्ये सगळीकडे एनए (आकडा नाही) दिसेल, तेच हवंय. आता सेक्स स्लॉट बघून माद्या वेगळ्या काढा आणि फक्त त्यांच्यावर सेटफेनो (फेनोटाइप बनवणारी कमांड) चालवा, एच२ (गुण किती आनुवंशिक ते) द्या, ट्रेट्समध्ये १ (दूध). नर तसेच कोरे.

एनएच्या जागी शून्य टाकायचा मोह होतो, कारण सिलेक्टइंड (जनावरं निवडणारी कमांड) एनए दिसला की एरर देऊन बसतं, पण शून्य म्हणजे "मोजलं, काही नव्हतं" आणि एनए म्हणजे "मोजलंच नाही", या दोन वेगळ्या गोष्टी आहेत राव. वळू निवडायचे तर आरआरब्लप (डीएनएवरून गुणाचा अंदाज बांधणारं मॉडेल) गायींच्या रेकॉर्डवर ट्रेन करा, ते मॉडेल सेटईबीव्हीने नरांना लावा आणि निवड ईबीव्हीवर (अंदाजित पैदास मूल्यावर) करा. जीनोमिक सिलेक्शन असंच तर चालतं, वळूला कोण पिळतंय!

दुसरा ट्रेट महागडा असला, समजा किती चारा खाल्ला तो, आणि २०० पैकी ५० गायींचाच मोजायचाय, तर त्या ५० वेगळ्या काढून सेटफेनो करा पण ट्रेट्स मध्ये २ लिहायला विसरू नका. ते रिकामं ठेवलं की सगळे ट्रेट परत टाकले जातात, नव्या रँडम एररसकट, म्हणजे त्याच गायीचं त्याच वेताचं दूध काल एक आज दुसरं. मग त्या ५० चा दुसरा कॉलम उचलून मूळ माद्यांच्या फेनो स्लॉटमध्ये त्या त्या ओळीत ठेवा. आणि ओळी आयडीवरून जुळवा, कारण माद्या आणि नर परत जोडले की क्रम बदलतो, आणि तिथे एररबिरर काही येत नाही, गपचूप एकीचं दूध दुसरीच्या नावावर.

मी आता प्रत्येक पिढीनंतर नरांमध्ये किती एनए आहेत ते मोजून बघतो. दर ट्रेटला नर जेवढे, एनए तेवढेच यायला हवेत.