मॅचच्या आदल्या दिवशी स्मार्ट टीव्हीचं काय काय बघून ठेवायचं

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या घरात बावीस माणसं होती. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर. पावसामुळं खेळ दोनेक तास उशिरा सुरू झाला, तरी कुणी घरी गेलं नाही. स्मृती मानधना सांगलीतच लहानाची मोठी झालेली, त्यामुळं एरवी क्रिकेटकडं न फिरकणाऱ्या शेजारच्या आज्जीसुद्धा पहिल्या रांगेत होत्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वुलव्हार्ट शतक करून उभी होती. तिनं चेंडू उंच मारला, अमनजोत कौर धावली आणि आमच्या पडद्यावर पांढरं चक्र गोल फिरायला लागलं. पलीकडच्या बिल्डिंगमधून जल्लोष ऐकू आला. हातातून उडत उडत शेवटी पकडलेला तो झेल आम्ही नंतर पुन्हा दाखवला तेव्हाच पाहिला. आज्जी एवढंच म्हणाल्या, "आरं, नेमकं तेवढंच कसं गेलं?"

दुसऱ्या दिवशी कारण शोधलं. टीव्ही चांगला होता, ॲप चांगलं होतं, कनेक्शनही चालू होतं. पण आलेल्या पाहुण्यांतले पंधरा-सोळा फोन आमच्याच वायफायवर होते आणि निम्मे जण व्हिडिओ काढून पाठवत होते. टीव्हीच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं.

ज्यानं उसाला दारं धरलीत त्याला हे लगेच कळेल. शेवटच्या सरीला पाणी पोचलं नाही म्हणून कुणी ती सरी उकरत बसत नाही. मोटर चालू आहे का, पाट कुठं फुटलाय का, मधल्या कुणी दार फोडलंय का, असं वरून खाली बघत यायचं असतं. मॅच अडकली की आपण मात्र थेट टीव्हीवर राग काढतो. टीव्ही ही शेवटची सरी आहे. म्हणून खालचं सगळं त्याच क्रमानं सांगतो, आणि ते आदल्या दिवशी करा. नाणेफेक झाल्यावर यातलं निम्मंही जमत नाही.

मॅच कुठं दिसणार आहे?

सगळ्यात आधी हेच बघा. चॅनेलवर दाखवायचे हक्क आणि ॲपवर दाखवायचे हक्क वेगवेगळे विकले जातात. २०२३ ची आयपीएल केबलवर स्टार स्पोर्ट्सला होती आणि ॲपवर जिओसिनेमाला. पुढं फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. सोनीलिव्ह आणि फॅनकोडवर आणखी वेगळे सामने असतात. गेल्या वेळी दिसलं म्हणून यंदा तिथंच दिसेल असं धरून वर्षभराचे पैसे भरू नका. त्या मालिकेचं नाव ॲपमध्ये शोधा, सामना वेळेसकट यादीत दिसला तरच रिचार्ज करा.

प्लॅन घेताना एक ओळ नीट वाचायची: टीव्हीवर चालतो का? फक्त मोबाईलसाठीचा स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही, आणि फोनवरचं चित्र टीव्हीवर टाकायला गेलं तरी बऱ्याचदा अडवतो. एकाच वेळी किती पडद्यांवर चालेल याचीही मर्यादा असते. पुण्यातल्या मुलानं, इस्लामपूरच्या भावानं आणि तुम्ही एकच खातं वापरलं, तर ऐन वेळी तुमच्या टीव्हीवर 'मर्यादा संपली' असा संदेश येणार. खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. जुने फोन, विकलेला टीव्ही तिथून काढून टाका.

टीव्हीत ॲप उघडलं की पडद्यावर एक कोड किंवा क्यूआर येतो. रिमोटनं एकेक अक्षर टाकत बसण्यापेक्षा फोननं तो स्कॅन करा. पैसे ज्या मोबाईल नंबरवर भरलेत तोच नंबर लॉगिनला हवा. वडिलांच्या नंबरवर रिचार्ज आणि टीव्हीवर आईचा नंबर, असा घोळ मी स्वतः तीन घरांत निस्तरलाय.

आता पाटाचं पाणी

आधी राउटरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लागला असेल, तर तारेतून सिग्नलच पोचत नाही. मग टीव्हीशी खटपट करून उपयोग नाही, कनेक्शनवाल्याला फोन करा. ती बारीक तार कोपऱ्यात मुडपून, कपाटामागं दाबून ठेवू नका. फायबर फार वाकलं की त्यातला प्रकाश वाकणावरच बाहेर निसटतो.

दिवे ठीक असतील तर फोन घेऊन टीव्हीच्या शेजारी उभे राहा, फोन त्याच वायफायला जोडा आणि वेग मोजा. राउटरजवळ मोजून समाधान मानू नका. फुल एचडी चित्राला ५ ते ८ एमबीपीएस (इंटरनेटचा वेग मोजायचं माप) लागतात, फोर-केला साधारण २५. हा वेग टीव्हीच्या जागी मिळायला हवा, आणि तोही घरातली बाकी माणसं फोनवर असताना.

बहुतेक राउटर दोन वायफाय देतात. २.४ गिगाहर्ट्झचं भिंतींतून लांब जातं पण संथ असतं आणि त्यावर शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंत आली की दमतं. याच्या नावापुढं बऱ्याचदा '५जी' लिहिलेलं असतं. फोनच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर हेच निवडा. गावभागातल्या जुन्या घरांच्या दोन-दोन फूट जाड भिंती असतील, तर ५ गिगाहर्ट्झ पलीकडं बहुधा पोचणार नाही.

अशा घरांना माझा एकच आग्रह असतो: लॅन केबल टाका. राउटरपासून टीव्हीपर्यंत एक तार, बहुतेक टीव्हींच्या मागं तिचं भोक असतं. बऱ्याच टीव्हींचं ते भोक १०० एमबीपीएसपर्यंतच चालतं, पण मॅचला तेवढं चारपट पुरतं. तार भिंतीच्या कडेनं दिसते म्हणून घरात कुरकुर होते. आमच्याकडंही झाली. पण ती टाकल्यापासून एकदाही चक्र फिरलेलं नाही. केबल जमत नसेल, तर राउटर निदान टीव्हीच्या मागून, लोखंडी कपाटाच्या आडून बाहेर काढून उंचावर मोकळा ठेवा. आणि पाहुणे येणार असतील तर राउटरमध्ये 'गेस्ट' म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क चालू करून त्याचाच पासवर्ड त्यांना द्या. काही राउटरमध्ये त्याचा वेग बांधून देता येतो.

फोनच्या हॉटस्पॉटवर मॅच बघणाऱ्यांनी हिशोब करावा. ५ एमबीपीएसनं तासाला सव्वादोन जीबी जातात. टी-ट्वेन्टीचा सामना साडेतीन-चार तास चालतो, म्हणजे आठ-नऊ जीबी. रोजच्या २ जीबीचा पॅक पहिल्या तासाच्या आत संपतो. कमी डेटा असेल तर ॲपमध्ये चित्राचा दर्जा 'ऑटो' न ठेवता स्वतः खाली आणा.

लाइटचं काय? टीव्ही इन्व्हर्टरवर असतो, पण राउटर राहून जातो. राउटरसाठी मिनी यूपीएस म्हणजे बॅटरीचा छोटा डबा मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट, किती ॲम्पिअर लिहिलंय ते बघा. बरेच १२ व्होल्टचे असतात, पण अंदाजानं घेऊ नका. लाइट आल्यावर राउटरला पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं द्या, लगेच पुन्हा बंद-चालू करू नका.

टीव्हीचं पोट

रिमोटनं टीव्ही बंद केला की तो खरा बंद होत नाही, नुसता झोपतो. मॅचच्या दिवशी सकाळी भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभर थांबा आणि मग चालू करा. ॲप उघडताच बंद पडणं, आवाज येणं पण चित्र न येणं, अशा तक्रारी बऱ्याचदा एवढ्यानंच जातात.

स्वस्त टीव्हीत साठवणूक बऱ्याचदा ८ जीबीच असते आणि त्यातली बरीच टीव्हीचं स्वतःचं सॉफ्टवेअरच खातं. मुलांचे गेम, कधी न उघडलेली ॲप काढून टाका. ॲपच्या माहितीत 'कॅशे' म्हणजे ॲपनं तात्पुरतं साठवलेलं साफ करायचा पर्याय असतो, तो वापरा. शेजारचा 'डेटा' साफ केला तर लॉगिन जातं, ते पुन्हा करावं लागेल. ॲप आणि टीव्ही दोन्हींचं अपडेट रात्रीच उरकून घ्या.

इंटरनेट चालू असूनही काहीच उघडत नसेल तर टीव्हीची तारीख-वेळ बघा. बराच वेळ लाइट जाऊन परत आली की काही टीव्हींत तारीख मागची होते आणि सुरक्षिततेच्या तपासणीत ॲप जोडणीच नाकारतं. वेळ 'आपोआप'वर ठेवा.

टीव्ही सात-आठ वर्षांचा असेल आणि नवं ॲप त्यात येतच नसेल, तर टीव्ही बदलू नका. टीव्हीच्या एचडीएमआयच्या भोकात लावायची, ॲप चालवणारी स्टिक घ्या. तिला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका, ती अनेकदा कमी पडते आणि स्टिक अधेमधे बंद पडते. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीला लावा.

चेंडूमागं शेपटी दिसते, खेळाडूंच्या कडा वितळल्यासारख्या होतात, तो दोष इंटरनेटचा नाही. टीव्ही स्वतः मधली चित्रं तयार करून घालत असतो. सोनीत याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन. कमी करून बघा.

शेजारी आधी का ओरडतात?

ॲपवर चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि टीव्ही पुढचे दोन-चार तुकडे साठवून मग दाखवतो. त्यामुळं डिशपेक्षा अर्धा मिनिट, कधी जास्तच मागं राहणार. ते पूर्ण जात नाही. मध्ये थांबवून परत सुरू केलं असेल तर 'लाइव्ह' बटण दाबा, तेवढं अंतर भरून निघतं. फोनवरच्या स्कोअरच्या सूचना मात्र बंद ठेवा. मराठी समालोचन हवं असेल तर भाषेच्या पर्यायातून ते सामना सुरू होतानाच निवडा.

फुकट मॅच दाखवणाऱ्या अनोळखी ॲपची फाइल पेनड्राइव्हनं टीव्हीत टाकू नका. ज्यांवर तुम्ही बँकेचे व्यवहार करता ते फोनही त्याच वायफायवर असतात. ग्राहक सेवेचा नंबरही गुगलवर शोधून लावू नका, ॲपच्या आतला वापरा. स्क्रीन शेअर करायला सांगणारा माणूस मदतीला आलेला नसतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आणि घरात डीडी फ्री डिशची जुनी छत्री पडून असेल तर ती विकू नका. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी हक्कधारकांना दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं, त्यामुळं भारताचे बरेच एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टी सामने डीडी स्पोर्ट्सवर महिन्याच्या खर्चाविना दिसतात. आमची छत्री आता गच्चीवर पुन्हा बसवलीय, तार हॉलपर्यंत आणून ठेवलीय. पुढच्या अंतिम सामन्याला आज्जींची खुर्ची त्याच टीव्हीसमोर असेल.