समोरचा नक्की काय म्हणतोय ते कसं ओळखायचं (बेळगाव स्पेशल)

बेळगावात नवीन आलेल्यांची एक तक्रार ठरलेली, इथली माणसं सरळ उत्तर देत नाहीत म्हणे. देतात ओ, नुसते शब्द धरून बसलं की ते हाताला लागत नाही एवढंच.

पहिलं बघायचं कोण बोलतंय. वडगावात पॉवरलूमच्या गल्लीत "आज माग बंद हायत" हे वाक्य घ्या. विणकर बायकोला म्हणाला तर आजची मजुरी बुडाली, कारण पैसे साडीमागे मिळतात, मालक व्यापाऱ्याला फोनवर म्हणाला तर माल लेट होणार, आणि शेजारच्या आजी म्हणाल्या तर चला, आज दुपारी जरा डोळा लागेल.

मग आधी काय विचारलेलं ते बघा. टेलरला विचारलं "ब्लाऊज झाला काय?" तर तो म्हणतो "काल लाईट कुठं होती वैनी". झाला नाही असं तो कुठंच म्हणाला नाही तरी आपण गपचूप परत फिरतो. पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञानं १९६७ ला हार्वर्डच्या व्याख्यानांत हेच मांडलं, की ऐकणारा धरूनच चालतो समोरचा विषयाला सोडून बोलत नसणार, म्हणून न बोललेलं तो स्वतःच भरून घेतो. हे तपासायला मागं 'पण' जोडायचं. "लाईट नव्हती, पण झालाय" चालतं, म्हणजे 'झाला नाही' हे आपणच काढलेलं. "झाला नाही, पण झालाय" म्हणून बघा, लोक तोंडाकडं बघत राहतील.

तारखेचंही तसंच. "एक नोव्हेंबरला येणार काय?" हे कन्नड मित्रानं विचारलं तर बहुतेक कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यानं विचारलं तर काळ्या दिनाची फेरी. दोन्हीचं मूळ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतच, पण हो म्हणायच्या आधी कोण विचारतंय ते बघितलेलं बरं.

काही वाक्यं तर माहिती देतच नाहीत, थेट काम करतात, ऑस्टिन नावाच्या तत्त्वज्ञानं १९५५ ला सांगितलेलं. बैठकीत दोन्हीकडच्या थोरल्यांनी "ठरलं" म्हटलं की सोयरीक ठरली, कोपऱ्यात पोहे खाणाऱ्या चुलतभावानं दहादा म्हटलं तरी उपयोग नाही.

व्हॉट्सअॅपवर कुणी स्क्रीनशॉट पाठवला तर भांडायच्या आधी वरचे चार मेसेज मागवा. आणि नुसतं "बरं" आलं तर तो राग की घाई हे टाईप केलेल्यावरून कळत नाही, सरळ फोन लावा, सासूबाईंचं असेल तर लगेच.